सदाशिव अमरापूरकर : खलनायकाच्या वेषातला विनोदी नट

गोविंद निहलानी यांचा 'अर्धसत्य' १९८३ मध्ये प्रदर्शित झाला आणि हिंदी चित्रपटाला एक नवा खलनायक मिळाला. त्याचे नाव रामा शेट्टी. तो आरडाओरडा करीत नव्हता, चाबूक फिरवीत नव्हता, त्याच्या अड्ड्यावर लुकलुकणारे दिवे नव्हते. बसल्या जागेवरून, संथ आवाजात, जणू घरगुती व्यवहाराचे बोलत असल्यासारखा तो माणसांचा सौदा करी. हा नट कोण, अशी पृच्छा देशभर सुरू झाली. मराठी नाट्यरसिकांना मात्र हा चेहरा नवा नव्हता. थोड्याच दिवसांपूर्वी 'हँड्स अप' या नाटकात याच नटाने त्यांना पोटभर हसविले होते.

सदाशिव अमरापूरकर यांच्या कारकिर्दीकडे पाहताना हा क्रम ध्यानात ठेवावा लागतो. खलनायक आधी आणि विनोद नंतर, असा त्यांचा प्रवास झाला असे सर्वसाधारणपणे मानले जाते. हिंदी चित्रपटांपुरते ते खरेही आहे. परंतु रंगभूमीपासून हिशेब मांडला तर चित्र उलटे दिसते. विनोदी नाटकातून त्यांची निवड झाली ती क्रूरकर्म्याच्या भूमिकेसाठी, आणि पुढे दहा वर्षे ते त्याच साच्यात राहिले. रामा शेट्टी भीतिदायक वाटला, त्यामागेही विनोदी नटाजवळ असणारे वेळेचे आणि विरामाचे भानच होते.

अमरापूर ते नगर

अमरापूरकरांचा जन्म ११ मे १९५० रोजी अहमदनगर येथे (आताचे अहिल्यानगर) झाला. त्यांचे मूळ नाव गणेशकुमार नरवोडे. शेवगाव तालुक्यातील अमरापूर हे कुटुंबाचे मूळ गाव. रंगभूमीवर वावरू लागल्यानंतर १९७४ मध्ये त्यांनी 'सदाशिव अमरापूरकर' हे नाव घेतले आणि एरवी जिल्ह्याबाहेर फारसे कोणाला ठाऊक नसलेले हे गाव त्या आडनावाबरोबर देशभर पोहोचले. नगरच्या जुन्या मित्रमंडळींसाठी मात्र ते अखेरपर्यंत 'तात्या'च राहिले.

पुणे विद्यापीठातून त्यांनी इतिहास विषयात पदव्युत्तर पदवी घेतली. विद्यार्थिदशेतील परिचयातून सुनंदा करमरकर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. सुनंदा अमरापूरकर यांनी पुढे लेखिका आणि अनुवादक म्हणून स्वत:चे स्थान निर्माण केले. या दांपत्याला तीन मुली.

नगर हे शहर नाटकाच्या नकाशावर पुण्या-मुंबईइतके ठळक कधीच नव्हते. तरीही या मातीने मराठी विनोदाला मोठी माणसे दिली. मराठी बोलपटातील विनोदी नटांच्या पहिल्या फळीतले शरद तळवलकर यांचा जन्म १९१८ साली नगरचाच. 'तरुण तुर्क म्हातारे अर्क' या नाटकातील प्राध्यापक बारटक्के अजरामर करणारे मधुकर तोरडमल हे व्यावसायिक रंगभूमीवर स्थिरावण्यापूर्वी अहमदनगर महाविद्यालयात इंग्रजीचे प्राध्यापक होते. या दोघांच्या विनोदात एक साम्य आढळते. दोघेही स्वत: हसत नसत. तळवलकरांचा त्रासलेला गृहस्थ असो वा तोरडमलांचा शब्दांसाठी चाचपडणारा प्राध्यापक, आपण काही गमतीचे करीत आहोत याचा त्या पात्राला पत्ताच नसे. अमरापूरकरांच्या अभिनयातही हाच गंभीर चेहरा पुढे दिसत राहिला.

एकांकिका, राज्य नाट्यस्पर्धा आणि हौशी मंडळांची नाटके यांच्या तालमीत त्यांची पहिली घडण झाली. त्या काळच्या हौशी रंगभूमीवर नटाला एकाच कामावर भागत नसे. नेपथ्य उभारणे, प्रकाशयोजना सांभाळणे, प्रसंगी दिग्दर्शन करणे हे सारे त्याच चार-सहा जणांच्या अंगावर पडे. दिग्दर्शक म्हणूनही अमरापूरकर पुढे ओळखले गेले, त्याची बीजे याच काळात आहेत. विजय तेंडुलकर यांच्या 'कन्यादान' या नाटकाच्या १९८३ मधील पहिल्या निर्मितीचे दिग्दर्शन त्यांनी केले होते. पुरोगामी विचारांच्या घरातील मुलगी एका दलित तरुणाशी विवाह करते आणि त्या घराच्या साऱ्या श्रद्धा पणाला लागतात, असे या नाटकाचे कथासूत्र. त्यावर उलटसुलट चर्चा पुष्कळ झाली. असे स्फोटक नाटक हाताळणारा दिग्दर्शक आणि 'हँड्स अप'मधील विनोदी नट ही एकच व्यक्ती होती.

लोकमान्य, मग रामा शेट्टी

चित्रपटात त्यांचे आगमन झाले ते मात्र अगदी निराळ्या भूमिकेत. नचिकेत आणि जयू पटवर्धन यांच्या '२२ जून १८९७' (१९७९) या मराठी चित्रपटात त्यांनी लोकमान्य टिळकांची भूमिका केली. चापेकर बंधूंनी पुण्यात केलेल्या रँडच्या वधावर आधारलेला हा चित्रपट मराठीतील उत्तम ऐतिहासिक चित्रपटांत गणला जातो. इतिहासाचा पदवीधर असलेल्या या नटाला लाभलेली ती योग्य सुरुवात होती.

त्यानंतर १९८१-८२ च्या सुमारास भक्ती बर्वे आणि अविनाश मसुरेकर यांच्यासमवेत त्यांचे 'हँड्स अप' रंगभूमीवर आले. नाटक लोकप्रिय झाले. याच नाटकातील कामामुळे गोविंद निहलानी यांचे त्यांच्याकडे लक्ष गेले. विनोदी नाटक पाहून खलनायक निवडणे हे वरकरणी विचित्र वाटते. पण निहलानींना हवा होता तो थंड डोक्याचा माणूस. संवादात नेमके कोठे थांबावे आणि समोरच्याला किती वेळ ताटकळत ठेवावे, याची जाण असलेला नट त्यासाठी आवश्यक होता. हे कौशल्य विनोदी रंगभूमीवर रोज पारखले जाते, कारण विराम क्षणभर चुकला तर सभागृहात हशा येत नाही.

श्री. दा. पानवलकर यांची 'सूर्य' ही मूळ कथा, तेंडुलकरांची पटकथा आणि ओम पुरी यांचा अनंत वेलणकर यांमुळे 'अर्धसत्य' मैलाचा दगड ठरला. मटक्याच्या धंद्यातून वर आलेला आणि राजकारणाकडे डोळे लावून बसलेला रामा शेट्टी हा या चित्रपटाचा दुसरा ध्रुव. शेवटच्या प्रसंगात पोलीस कोठडीतील मृत्यूच्या प्रकरणात अडकलेला वेलणकर मदतीसाठी त्याच्याच दारात येतो. रामा शेट्टी त्याला धमकावीत नाही, सांभाळून घेण्याची भाषा करतो आणि त्याची किंमत सांगतो. या समजूतदारपणातच अपमान भरलेला आहे. वेलणकरचे हात त्याच्या गळ्याकडे जातात ते त्यामुळेच. पडद्यावर धाकदपटशाचा एकही आविर्भाव न करता प्रेक्षकाच्या मनात चीड उत्पन्न करण्याचे हे काम अमरापूरकरांनी केले. त्यासाठी त्यांना उत्कृष्ट साहाय्यक अभिनेत्याचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला.

साचा आणि त्यातून सुटका

हिंदी चित्रपटसृष्टीला यशाची पुनरावृत्ती करण्याची सवय आहे. रामा शेट्टीनंतर अमरापूरकरांकडे आलेल्या भूमिका बहुतांशी भ्रष्ट पुढारी, तस्कर, गावगुंड अशाच होत्या. अमिताभ बच्चन यांच्या 'आखरी रास्ता' (१९८६) मध्ये ते होते. धर्मेंद्र यांच्या 'हुकूमत' (१९८७) आणि 'ऐलान-ए-जंग' (१९८९) या चित्रपटांत ते नायकाला तोडीस तोड टक्कर देणारे खलनायक म्हणून गाजले. यांतील अनेक भूमिकांमध्ये 'अर्धसत्य'ची सूक्ष्मता उरली नव्हती. तथापि वेषभूषा, चालण्याची ढब आणि आवाजाची पट्टी बदलून प्रत्येक पात्राला काही वेगळे देण्याची त्यांची धडपड दिसते. भडकपणाच्या कडेवर उभे राहून तोल सांभाळण्याची ही कसरत होती.

त्या कसरतीचा कळस म्हणजे महेश भट्ट यांचा 'सडक' (१९९१). कुंटणखाना चालविणाऱ्या 'महाराणी' या तृतीयपंथी पात्राने संजय दत्त आणि पूजा भट्ट यांच्या प्रेमकथेवरही मात केली. हसता हसता क्षणात क्रूर होणारा चेहरा आणि लाडिक शब्दांत दडलेली धमकी यांनी प्रेक्षक हादरले. फिल्मफेअरने नकारात्मक भूमिकेसाठी स्वतंत्र पुरस्कार सुरू केला तेव्हा त्याचे पहिले मानकरी अमरापूरकर ठरले. आजच्या दृष्टीने या भूमिकेकडे पाहताना एक नोंद केली पाहिजे. तृतीयपंथी म्हणजे भयप्रद किंवा हास्यास्पद, ही हिंदी चित्रपटांनी रुजविलेली प्रतिमा 'महाराणी'मुळे अधिक पक्की झाली. अभिनयाची ताकद मान्य करूनही हा आक्षेप टाळता येत नाही.

नव्वदच्या दशकाच्या प्रारंभी वारे बदलले. मारधाडीच्या चित्रपटांची सद्दी ओसरू लागली आणि डेव्हिड धवन-गोविंदा या जोडीच्या विनोदी चित्रपटांना गर्दी होऊ लागली. कादर खान, शक्ती कपूर, परेश रावल ही खलनायकांची मंडळी एकामागोमाग एक विनोदाकडे वळली. अमरापूरकरही वळले. इतरांप्रमाणे त्यांना नवी वाट शोधावी लागली नाही, ते आपल्या मूळ घरी परतले एवढेच.

'आँखें' (१९९३) मध्ये ते पोलीस निरीक्षक झाले. बरोबर दहा वर्षांपूर्वी ज्या नटाने एका प्रामाणिक पोलीस अधिकाऱ्याला हतबल केले होते, तोच आता खाकी वर्दीत प्रेक्षकांना हसवीत होता. 'कुली नं. १' (१९९५) मधील 'शादीराम घरजोडे' हा लग्ने जुळविणारा मध्यस्थ तर त्या चित्रपटाचा कर्ता-करविता आहे. श्रीमंतीची घमेंड असलेला मुलीचा बाप (कादर खान) त्याचा पाणउतारा करतो. त्याचा वचपा काढण्यासाठी शादीराम एका हमालाला धनाढ्य घराण्याचा वारस म्हणून त्याच्यापुढे उभा करतो. पुढची सारी धमाल या एका अपमानातून जन्माला येते. अमरापूरकरांनी हा अपमान खराखुरा दाखविला आहे. म्हणूनच सूडाची गंमत वाटते आणि प्रेक्षक फसवणूक करणाऱ्याच्या बाजूने उभा राहतो. विनोदी पात्राचे दु:ख त्या पात्रापुरते खरे असावे लागते, हा जुना नियम त्यांनी धंदेवाईक चित्रपटातही पाळला.

इंद्रकुमार यांच्या 'इश्क' (१९९७) मध्ये त्यांनी आणि दलीप ताहिल यांनी पैशाच्या मस्तीत मुलांची लग्ने ठरविणारे दोन बाप उभे केले. हा बाप कथेतला खलनायकही आहे आणि विदूषकही. दोन्ही गुण एकाच भूमिकेत वापरण्याची संधी त्यांना येथे मिळाली. दूरचित्रवाणी वाहिन्यांवर हे चित्रपट वारंवार दाखविले गेल्याने 'अर्धसत्य' न पाहिलेल्या पिढीला अमरापूरकर प्रथम भेटले ते विनोदी नट म्हणूनच.

निळूभाऊंशी साम्य

मराठी वाचकाला येथे निळू फुले यांची आठवण होणे साहजिक आहे. 'कथा अकलेच्या कांद्याची' या लोकनाट्यातून हसविणारे निळूभाऊ 'एक गाव बारा भानगडी' (१९६८) मधील झेलेअण्णांनंतर पडद्यावरचे बेरकी सरपंच आणि पाटील होऊन बसले. प्रत्यक्षात सेवा दलाच्या संस्कारात वाढलेला हा माणूस पडद्यावर गावाला नाडणारा म्हणून ओळखला गेला. अमरापूरकरांच्या वाट्यालाही हाच विरोधाभास आला. दोघांच्याही सामाजिक निष्ठा पक्क्या होत्या आणि दोघेही डॉ. श्रीराम लागू यांच्यासमवेत सामाजिक कृतज्ञता निधीच्या कामात सहभागी झाले. पूर्णवेळ सामाजिक कार्य करणाऱ्या कार्यकर्त्यांना मानधन देता यावे यासाठी हा निधी उभारण्यात आला. त्याकरिता आचार्य अत्रे यांच्या 'लग्नाची बेडी' या विनोदी नाटकाचे प्रयोग नामवंत कलावंतांच्या संचात झाले. त्या संचात अमरापूरकरही होते. विनोदाने जमविलेला पैसा कार्यकर्त्यांच्या चुलीपर्यंत पोहोचविण्याचा तो उपक्रम होता.

किल्ल्यातला ग्रंथ, नगरचा नट

हिंदीतील धावपळीतही त्यांनी गंभीर कामे सोडली नाहीत. श्याम बेनेगल यांच्या 'भारत एक खोज' (१९८८) या दूरदर्शन मालिकेत त्यांनी महात्मा जोतीराव फुले साकारले. ही मालिका पंडित नेहरूंच्या 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' या ग्रंथावर बेतलेली होती आणि तो ग्रंथ नेहरूंनी १९४४ मध्ये नगरच्याच भुईकोट किल्ल्यात बंदिवान असताना लिहिला होता. नगरच्या नटाला त्या मालिकेत वाटा मिळावा, हा एक सुखद योग म्हणावा लागेल.

मराठीत सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'दोघी' (१९९५) आणि 'वास्तुपुरुष' (२००२) या चित्रपटांतील त्यांच्या भूमिका पाहिल्या म्हणजे हिंदी चित्रपटाने या नटाचा किती थोडा भाग वापरला, याची कल्पना येते. येथे भुवया उंचावणे नाही, आवाजाची कसरत नाही. आपल्या ओळखीच्या गावातली, परिस्थितीने अडलेली माणसे त्यांनी साध्या रीतीने उभी केली आहेत.

पाण्यासाठी उभा राहिलेला माणूस

मुंबईत स्थिरावल्यावरही नगरशी त्यांचा संबंध सणावारापुरता नव्हता. वेश्यावस्तीतील स्त्रिया व त्यांच्या मुलांसाठी काम करणारी 'स्नेहालय', शहराचे ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय अशा नगरमधील संस्थांना त्यांचे साहाय्य होते. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीतही ते सक्रिय होते.

मार्च २०१३ मध्ये घडलेली एक घटना त्यांच्या स्वभावाची साक्ष देते. त्या वर्षी महाराष्ट्र तीव्र दुष्काळाने होरपळत होता. मराठवाड्याबरोबरच नगर जिल्ह्यातील अनेक गावे टँकरवर अवलंबून होती. धुळवडीच्या दिवशी मुंबईत वर्सोवा येथे त्यांच्या निवासस्थानाजवळ कृत्रिम पावसात नाचण्याचा कार्यक्रम रंगला होता. पाण्याची ही उधळण थांबवा, अशी विनंती करण्यासाठी ते गेले असता त्यांना धक्काबुक्की झाली. त्यांनी तेव्हा वयाची साठी ओलांडलेली होती. पडद्यावर कित्येक गावे लुटणाऱ्या या माणसाला, प्रत्यक्षात गावांच्या वाट्याच्या पाण्याबद्दल बोलला म्हणून मार खावा लागला. पर्जन्यछायेतल्या शेवगावच्या भूमीशी ज्याची नाळ जोडलेली आहे, त्याला पाण्याची उधळपट्टी ही करमणूक वाटणे शक्यच नव्हते.

अखेरचा प्रवेश

एकविसाव्या शतकात त्यांचा चित्रपटांतील वावर कमी होत गेला. त्यांची अखेरची महत्त्वाची हिंदी भूमिका भारतीय चित्रपटाच्या शताब्दीनिमित्त निघालेल्या 'बॉम्बे टॉकीज' (२०१३) या चित्रपटातली. सत्यजित राय यांच्या कथेवर आधारलेल्या दिबाकर बॅनर्जी यांच्या भागात नवाजुद्दीन सिद्दीकी एका अपयशी नटाच्या भूमिकेत आहेत. चित्रीकरणात त्याला अगदी किरकोळ काम मिळते, आणि ते तरी नीट व्हावे म्हणून तो एकटाच तालीम करू लागतो. तेव्हा त्याचा दिवंगत नाट्यगुरू त्याच्यासमोर अवतरतो आणि त्याची खरडपट्टी काढतो. हा गुरू म्हणजे अमरापूरकर. काही मिनिटांच्या या प्रवेशात ते हसवितात, टोचतात आणि नाटकावर जीव असणाऱ्याला अस्वस्थही करतात. भूमिका केवढी यापेक्षा ती कशी केली याला महत्त्व आहे, हा या प्रवेशाचा आशय. हौशी रंगभूमीवर वाढलेल्या नटाच्या तोंडी तो शोभून दिसला.

फुप्फुसाच्या विकाराने ३ नोव्हेंबर २०१४ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. ते ६४ वर्षांचे होते. मुंबईत अंत्यदर्शन झाल्यावर त्यांचे पार्थिव नगरला आणण्यात आले आणि तेथील अमरधाममध्ये दुसऱ्या दिवशी अंत्यसंस्कार झाले. ज्या शहरातून गणेशकुमार नरवोडे नाटकाचे वेड घेऊन निघाले होते, त्याच शहराने सदाशिव अमरापूरकरांना निरोप दिला.

त्यांच्या दोन फिल्मफेअर पुरस्कारांवर रामा शेट्टी आणि महाराणी यांची नावे आहेत. शादीरामला पुरस्कार मिळाला नाही. आपल्याकडे विनोदी भूमिकेला हलके लेखण्याची रीत जुनीच आहे. परंतु आजही दूरचित्रवाणीवर 'कुली नं. १' लागला आणि अपमानित शादीराम सूडाची शपथ घेऊ लागला की घरातील लहानथोर हसू लागतात. 'हँड्स अप'च्या प्रयोगांना झालेली गर्दी याच नटासाठी हसली होती.

संक्षिप्त परिचय

मूळ नाव : गणेशकुमार नरवोडे
जन्म : ११ मे १९५०, अहमदनगर (आताचे अहिल्यानगर)
मूळ गाव : अमरापूर, ता. शेवगाव
शिक्षण : पदव्युत्तर पदवी (इतिहास), पुणे विद्यापीठ
रंगभूमी : 'हँड्स अप' (अभिनय), 'कन्यादान' (दिग्दर्शन)
मराठी चित्रपट : '२२ जून १८९७', 'दोघी', 'वास्तुपुरुष'
हिंदी चित्रपट : 'अर्धसत्य', 'आखरी रास्ता', 'हुकूमत', 'सडक', 'आँखें', 'कुली नं. १', 'इश्क', 'बॉम्बे टॉकीज'
मालिका : 'भारत एक खोज' (महात्मा फुले)
पुरस्कार : फिल्मफेअर - साहाय्यक अभिनेता ('अर्धसत्य'), नकारात्मक भूमिका ('सडक')
निधन : ३ नोव्हेंबर २०१४, मुंबई